नावं ठेवणारी यंत्रं

पुन्ता अरेनासच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात
शुक्रवारी दुपारी चोवीस खोकी आली.
वारा असा, की ट्रकवाल्याने
एकेक खोकं पोटाशी धरून आत आणलं,
दोरीला धरून रस्ता ओलांडणाऱ्या बायकांमधून वाट काढत.

सोमवारी साडेआठला खिडक्या उघडायच्या.
यास्ना मान्सियाने हिशेब मांडला:
एकेक लावत बसलं तर एकाला तीन तास,
चोवीस त्रिक बहात्तर,
आणि मधे झोप नावाची गोष्ट.

म्हणून तिने एकच यंत्र मन लावून मांडलं.
प्रिंटर. शिक्का. जन्माचा फॉर्म, मृत्यूचा फॉर्म.
अक्षर चौदाचं,
कारण लुस्मिरा चष्मा लावत नाही, आणि ते कबूलही करत नाही.
मार्चमध्ये निवृत्त झालेल्या ओव्हिदियोचं खातं अजून पडून होतं;
त्यातल्या सगळ्या सवयी
तिने जशाच्या तशा उचलून यात ठेवल्या,
तेवढाच वेळ वाचेल.

मग एक स्विच, चोवीस निळ्या केबली,
एक धडा, सगळ्यांना एकदम.

नक्कल काढण्याआधी मात्र
पहिल्याला स्वतःचं नाव विसरायला लावायचं असतं.
नाहीतर सगळेच एका नावाने ‘हजर’ म्हणतात
आणि सर्व्हर कुणालाच ओळख देत नाही.
हे तिला ठाऊक होतं.
हे ती इतरांना शिकवते.
शनिवारी रात्री नेमकी हीच पायरी राहिली.

चोवीस पडदे उजळले:
खिडकी क्रमांक एक.
खिडकी क्रमांक एक.
खिडकी क्रमांक एक.
पुढचं वाचायची गरज नव्हती.
ती भावाला म्हणाली, दामियान, कॉफी ठेव.
बाहेर रात्रीचे दहा वाजून गेले होते
आणि उजेड अजून हटायला तयार नव्हता.

रविवारी पहाटे सगळं पुन्हा झालं, नीट.
प्रत्येकाला वेगळं नाव, प्रत्येकाच्या कपाळी चिकटपट्टी.
तपासायचं म्हणून तिने नवव्या खिडकीवर
हाताला आलं ते टाइप केलं,
आईकडचं आडनाव: नाहुएल्किन.

आणि खाली लाल रेघ आली नाही.

राजधानीतून येणारा शब्दकोश
इकडच्या नावांना नेहमी नावं ठेवतो.
शाळेच्या प्रत्येक निबंधात तिची आई चुकीची ठरली होती.
तिने दहाव्यावर लिहिलं: उएन्तेओ. रेघ नाही.
अकराव्यावर: मियातुरेओ. वुकासोविच.
नाही. नाही.

शोधल्यावर सापडलं.
ओव्हिदियोने एकोणीस वर्षं,
दर वेळी लाल रेघ उमटली की
समोरच्या माणसाला थांबवून,
स्पेलिंग विचारून,
‘शब्दकोशात जोडा’ दाबलं होतं.
सहा हजार चारशे बारा नावं.
कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं.
निरोपाच्या भाषणात सगळे त्याला हळू म्हणाले होते,
प्रेमाने,
पण हळूच.

त्या यादीत एक चूकही होती.
शहराचंच नाव, घाईत दोन अक्षरं उलटी,
आणि तीही आता चोवीस ठिकाणी बरोबर.
पुन्हा पहिल्यापासून नक्कल काढायला
ना वेळ होता, ना कॉफी.
ती खुर्ची सरकवत एकेका पडद्यासमोर गेली
आणि ती एक ओळ हाताने पुसली,
चोवीस वेळा.
बाकीच्यांना हात लावला नाही.

सोमवारी नऊ नंबरवर एक बाप आला,
बोटीवरून थेट, बाहीला माशांचे खवले.
लुस्मिराने मुलीचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं.
पडदा गप्प राहिला.
त्याला यातलं काहीच कळलं नाही.
त्याने इतकंच विचारलं,
जास्तीच्या प्रतीचे पैसे वेगळे का?